झटका नेमका कुठे? ईसीजी वाचणाऱ्या संगणकाची गोष्ट

तालुक्याच्या गावातल्या दवाखान्यातही आता ईसीजी काढण्याचे यंत्र असते. छातीवर आणि हातापायांवर मिळून दहा ठिकाणी तारा जोडतात, रुग्णाला हलू नका म्हणून सांगतात, आणि मिनिटाभरात चौकटीच्या कागदावर नागमोडी रेघांच्या ओळी छापून बाहेर येतात. त्या कागदाच्या माथ्याशी चार-दोन इंग्रजी ओळीही असतात. त्या डॉक्टरांनी लिहिलेल्या नसतात. यंत्रातल्या संगणकाने लिहिलेल्या असतात. 'इन्फिरिअर इन्फार्क्ट, एज अनडिटरमिन्ड' अशी ओळ त्यांत असली तर तिचा अर्थ असा : हृदयाच्या खालच्या भिंतीतील स्नायूचा काही भाग मेलेला दिसतो, तो केव्हा मेला ते सांगता येत नाही. जवळच कुठेतरी 'अनकन्फर्म्ड', म्हणजे 'डॉक्टरांनी अद्याप तपासलेले नाही', असाही एक शब्द बहुधा असतो. तो सहसा कुणी वाचत नाही.

विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला येथे एक प्रश्न पडायला हवा. या यंत्राने हृदय पाहिलेले नाही. त्यात क्ष-किरण नाहीत, ध्वनिलहरी नाहीत. त्याच्या हाती आहे ते फक्त कातडीवरच्या निरनिराळ्या जागांमधले विभवांतर, आणि तेही व्होल्टच्या हजाराव्या भागाच्या आसपासचे. एवढ्यावरून, छातीच्या पिंजऱ्यात असलेल्या मुठीएवढ्या अवयवाची नेमकी कोणती भिंत बिघडली, हे त्याने कसे सांगितले? बहुतेकांचे उत्तर असे येते की संगणक काहीतरी अवघड गणित करून ती जागा शोधत असणार. हे उत्तर बरोबर नाही. यंत्र जागा गणिताने काढत नाही. ते आठवून सांगते. ती आठवण त्याची स्वतःची नसून, शंभरेक वर्षांत निरनिराळ्या माणसांनी जमवलेली आहे. तिच्यात त्या माणसांचे कष्ट आहेत, आणि त्यांच्या समजुतीही आहेत.

गणिताने जागा का निघत नाही, ते आधी पाहू. मिठाच्या पाण्याने भरलेली एक बंद टाकी आहे आणि तिच्यात कुठेतरी काही विजेऱ्या लपवल्या आहेत, अशी कल्पना करा. आपल्याला टाकी उघडायची नाही. फक्त तिच्या अंगावर ठिकठिकाणी तारा टेकवून विभवांतरे मापायची आहेत. आत कोणत्या विजेऱ्या कुठे आहेत हे माहीत असेल, तर बाहेर कुठे किती विभवांतर मिळेल ते काढता येते. हा सरळ प्रश्न झाला. उलटा प्रश्न मात्र सुटत नाही. हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी १८५३ सालीच दाखवून दिले होते की, आतल्या विजेऱ्यांच्या अगणित निरनिराळ्या मांडण्या बाहेर अगदी तीच विभवांतरे निर्माण करू शकतात. मापे कितीही बारकाईने घेतली आणि संगणक कितीही मोठा आणला, तरी यात फरक पडत नाही.

एक वाट मात्र उरते. अशा शेकडो टाक्यांची मापे घेऊन नंतर त्या उघडून पाहिल्या, तर 'मापे अशी आली की विजेरी बहुधा अमुक कोपऱ्यात सापडते' असे सांगता येऊ लागते. हे सिद्धान्तातून निघालेले ज्ञान नव्हे; ही नोंदवही आहे. हृदयाची अशी नोंदवही शवविच्छेदनाच्या टेबलावर लिहिली गेली.

टाकीच्या बाहेरून मापे घेण्याची सुरुवात लंडनमध्ये झाली. ऑगस्टस वॉलर यांनी १८८७ साली माणसाच्या हृदयाचा विद्युत् आलेख कातडीवरून प्रथम नोंदवला. त्यांचे उपकरण म्हणजे एका बारीक काचनळीतला पारा आणि त्याला लागून असलेले सौम्य सल्फ्युरिक आम्ल. विभवांतर बदलले की पाऱ्याची कड किंचित हले. पुढे वॉलर आपल्या जिमी नावाच्या बुलडॉगला घेऊन प्रयोग दाखवीत. कुत्रा मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत पाय ठेवून शांतपणे उभा राही. १९०९ साली रॉयल सोसायटीत हा प्रयोग झाला, तेव्हा प्राण्यांचा छळ होतो म्हणून चक्क पार्लमेंटमध्ये प्रश्न विचारला गेला. समुद्राच्या पाण्यात पाय बुडवून उभे राहण्यापेक्षा यात जास्त काही नाही, अशा अर्थाचे उत्तर सरकारतर्फे देण्यात आले.

पारा जड आणि सुस्त. हृदयाचा ठोका तो गुळमुळीत करून दाखवी. हॉलंडमधील लायडनचे विलेम आइन्थोव्हेन (जन्म १८६०, जावा बेटावरील सेमारांग येथे) यांनी आधी हा सुस्तपणा गणिताने दुरुस्त केला आणि मिळालेल्या लहरींना १८९५ साली पी, क्यू, आर, एस, टी ही नावे दिली. ती आजही चालू आहेत. मग त्यांनी पाराच सोडला. प्रबळ विद्युत्‌चुंबकाच्या ध्रुवांमध्ये त्यांनी चांदीचा मुलामा दिलेला क्वार्ट्झचा अतिशय बारीक तंतू ताणून बसवला. हृदयातून आलेला प्रवाह तंतूतून गेला की तंतू हले आणि त्याची सावली सरकत्या फोटोपट्टीवर पडे. १९०१ ते १९०३ या काळात तयार झालेल्या या यंत्राचे वजन सुमारे २७० किलो होते आणि ते चालवायला पाच माणसे लागत. रुग्णाला प्रयोगशाळेत आणणे कठीण, म्हणून आइन्थोव्हेन यांनी रुग्णालयापासून प्रयोगशाळेपर्यंतच्या सुमारे दीड किलोमीटर टेलिफोनच्या तारेवरून आलेख आणवला आणि १९०६ साली त्याविषयी लिहिले. १९२४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आइन्थोव्हेन यांची पद्धत वर्गात फळ्यावर मांडण्यासारखी आहे. उजवा हात, डावा हात आणि डावा पाय हे त्रिकोणाचे तीन कोपरे. डाव्या हाताच्या विभवातून उजव्या हाताचे वजा केले की लीड १. पायातून उजव्या हाताचे वजा केले की लीड २. पायातून डाव्या हाताचे वजा केले की लीड ३. आता मुलांना विचारा : लीड १ आणि लीड ३ यांची बेरीज किती? ती लीड २ इतकीच येते, कारण डाव्या हाताचे विभव एकदा अधिक आणि एकदा उणे होऊन निघून जाते. आजच्या कागदावर बारा लीड छापलेली असली तरी संगणक त्यांतली आठच मोजतो. उरलेली चार अशाच बेरीज-वजाबाकीने काढतो.

या त्रिकोणात एक गोष्ट नीट लक्षात ठेवायची. त्याने सगळे हृदय म्हणजे एक बाण, एक सदिश मानले आणि तो बाण क्षणोक्षणी कोणत्या दिशेला वळतो ते दाखवले. त्याने दिशा दिली, जागा दिली नाही.

जागेचा प्रश्न पुढे आला तो झटक्याची ओळख पटल्यावर. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या करोनरी रोहिणीत गुठळी अडकली तर माणूस तत्काळ मरतोच असे नाही, तो वाचूही शकतो आणि जिवंतपणी त्याचे निदान करता येते, हे शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी १९१२ साली मांडले. त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या फ्रेड स्मिथ यांनी कुत्र्यांच्या रोहिण्या बांधून आलेख कसा बदलतो ते १९१८ साली दाखवले. १९२० साली न्यूयॉर्कच्या हॅरोल्ड पार्डी यांनी झटका आलेल्या माणसाच्या आलेखात एस आणि टी यांमधला भाग वर उचललेला असतो, हे दाखवून दिले. वर उचललेला हा एसटी भाग आजही तातडीच्या निदानाचा कणा आहे.

मग टाक्या उघडून पाहणे सुरू झाले. लंडनमध्ये पार्किन्सन आणि बेडफर्ड यांनी १९२८ साली आणि मेयो क्लिनिकमध्ये बार्न्स आणि व्हिटन यांनी १९२९ साली झटक्यांचे दोन प्रकार ओळखले. लीड १ मध्ये बदल दिसला तर पुढच्या भिंतीचा झटका, लीड ३ मध्ये दिसला तर मागच्या भिंतीचा. 'मागच्या' हा शब्द ध्यानात असू द्या. त्याचे पुढे बरेच रामायण आहे.

हातापायांच्या तारांना पुढच्या भिंतीवरचे काही झटके दिसतच नसत. १९३२ साली फिलाडेल्फियाच्या वोल्फर्थ आणि वुड यांनी तार सरळ छातीवर ठेवून ते पकडले. अ‍ॅन आर्बरचे फ्रँक विल्सन यांनी १९३४ साली हातापायांच्या तिन्ही तारा एकत्र जोडून एक मध्यबिंदू तयार केला. त्याच्याशी तुलना केली की छातीवरची एकच तार स्वतंत्रपणे 'पाहू' लागते. १९३८ साली अमेरिका आणि ब्रिटन यांच्या हृदयवैद्यकांच्या संस्थांनी छातीवरच्या सहा जागा ठरवल्या : व्ही-१ उरोस्थीच्या उजव्या कडेला चौथ्या बरगडीखालच्या फटीत, व्ही-२ तिथेच डाव्या कडेला, आणि असे वळत वळत व्ही-६ डाव्या काखेखाली. १९४२ साली गोल्डबर्गर यांनी हातापायांची आणखी तीन लीड दिली आणि बाराचा आकडा पुरा झाला. पाठीवर मात्र एकही जागा नेमलेली नव्हती.

मेलेला स्नायू आलेखात कसा दिसतो, याचे विल्सन यांनी दिलेले स्पष्टीकरण मला अजूनही फार आवडते. हृदयाचे डावे निलय, म्हणजे सगळ्या शरीराला रक्त ढकलणारा कप्पा, हे जाड भिंतींचे मडके समजा. ठोक्याच्या वेळी विद्युत्‌लहर मडक्याच्या आतल्या बाजूने सुरू होऊन भिंतीतून बाहेर येते. आपल्याकडे येणारी लहर त्या बाजूची तार वर चढणारी रेघ म्हणून दाखवते आणि दूर जाणारी लहर खाली उतरणारी रेघ म्हणून. आता एका बाजूची भिंत मेली. तिच्यातून लहर निघत नाही. तिथे जणू खिडकी पडली. त्या खिडकीसमोरच्या तारेला आता पलीकडच्या भिंतीची लहर तेवढी कळते, आणि ती तर तिच्यापासून दूर चाललेली असते. म्हणून रेघ सुरुवातीलाच खोल खाली जाते. हीच रुंद क्यू लहर. ज्या तारांमध्ये ती दिसेल त्या तारांसमोरची भिंत मेलेली, हा नकाशाचा मूळ नियम. डेट्रॉइटचे गॉर्डन मायर्स आणि त्यांचे सहकारी यांनी १९४८-४९ मध्ये ओळीने शवविच्छेदने करून, कोणत्या तारांत बदल होता आणि हृदयात मेलेला भाग कुठे सापडला, याचा मेळ घातला. पुढच्या पाठ्यपुस्तकांतले तक्ते मुख्यतः अशाच कामांतून आलेले आहेत.

संगणक या गोष्टीत येतो तो इथे, नकाशा तयार झाल्यानंतर.

१९५७ च्या सुमारास वॉशिंग्टनमध्ये माजी सैनिकांच्या आरोग्यसेवेतले डॉ. ह्यूबर्ट पिपबर्गर यांनी नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्‌सच्या तंत्रज्ञांबरोबर ईसीजीची सलग रेघ आकड्यांत बदलण्याचे काम हाती घेतले. संगणकाला रेघ समजत नाही, आकडे समजतात. म्हणून ठरावीक अंतराने रेघेची उंची मोजायची आणि ते आकडे चुंबकीय फितीवर उतरवायचे. आज हे अंतर सेकंदाच्या पाचशेव्या भागाएवढे असते. म्हणजे दहा सेकंदांच्या आलेखात आठ लीडांचे मिळून चाळीस हजार आकडे होतात.

आकड्यांच्या या ढिगात ठोका कुठे आहे? आपल्या डोळ्यांना तो सहज दिसतो. संगणकाला एकेक पायरी सांगावी लागते. याची सुटसुटीत रीत विस्कॉन्सिनच्या जियापू पान आणि विलिस टॉम्पकिन्स यांनी १९८५ साली प्रसिद्ध केली. आधी गाळणी लावून श्वासामुळे होणारे हेलकावे आणि स्नायूंची थरथर काढून टाकायची. मग प्रत्येक जागी रेघेचा चढ किती ते काढायचे. मग त्या चढाचा वर्ग करायचा, म्हणजे उणे आकडे जातात आणि मोठे चढ आणखी मोठे होतात. शेवटी सुमारे ०.१५ सेकंदाच्या पट्ट्यात त्यांची सरासरी घ्यायची. जिथे ती एका मर्यादेवर जाईल तिथे ठोका. नववीच्या मुलाला आलेखाचा चढ कळत असेल तर हे सगळे त्याला समजते.

ठोका सापडणे सोपे. लहरीची सुरुवात आणि शेवट सापडणे अवघड. आणि निदान नेमके त्यावरच असते. क्यू लहर ०.०४ सेकंद रुंद असेल तर ती मेलेल्या स्नायूची खूण, हा जुना दंडक. कागदावर ही रुंदी एका बारीक चौकटीएवढी, म्हणजे एक मिलिमीटर. संगणकाच्या भाषेत वीस आकडे. सुरुवात तीन-चार आकडे इकडे किंवा तिकडे धरली गेली की कागदावर 'नॉर्मल' छापायचे की 'इन्फार्क्ट' हे बदलते. गाळणीचेही तसेच आहे. हेलकावे काढण्यासाठी ती जरा कडक ठेवली तर एसटी भागाचीच उंची बदलू शकते. म्हणून साध्या गाळणीची खालची मर्यादा ०.०५ हर्ट्‌झपर्यंत खाली ठेवावी अशी शिफारस झाली. सारवताना भिंतीवरचे चित्रच पुसले जाऊ नये, तशातली ही काळजी.

मापे झाली की प्रश्न येतो अर्थाचा. येथे सुरुवातीपासूनच दोन पंथ पडले. वॉशिंग्टनमध्येच, सार्वजनिक आरोग्य सेवेत काम करणारे डॉ. सेझार कासेरेस यांनी नेहमीची बारा लीडे घेतली आणि डॉक्टर ज्या क्रमाने विचार करतात तो क्रम संगणकाला शिकवला : क्यू लहर अमुकपेक्षा रुंद आहे का? असेल तर कोणत्या लीडांत? लीड २, ३ आणि एव्हीएफमध्ये असेल तर अमुक वाक्य छाप, व्ही-१ ते व्ही-४ मध्ये असेल तर तमुक. त्यांचा मापे काढण्यावरचा लेख १९६२ सालचा. असे नियम काटेकोर शब्दांत लिहिण्याची सवय तोवर लागलेलीही होती. मिनेसोटा विद्यापीठात ब्लॅकबर्न, कीज आणि इतरांनी १९६० साली हजारो लोकांचे आलेख एकाच मापाने तपासता यावेत म्हणून एक संकेतावली तयार केली होती. ती पट्टी आणि भिंग घेऊन बसणाऱ्या माणसांसाठी होती, पण तिच्यातले नियम संगणकाच्या आज्ञावलीसारखेच दिसतात. आयबीएमचे बॉनर आणि त्यांचे हृदयवैद्यक सहकारी यांची १९७२ साली प्रसिद्ध झालेली आज्ञावली याच पंथातली.

पिपबर्गर यांना हे पटत नव्हते. डॉक्टरांचे नियमच संगणकात घातले तर संगणक डॉक्टरांच्या चुकाही तितक्याच इमानाने करील, असा त्यांचा मुद्दा होता. त्यांनी उलट बाजूने सुरुवात केली. ज्या रुग्णांचे निदान ईसीजी सोडून इतर पुराव्यांनी, म्हणजे शवविच्छेदन, हृदयात नळी घालून केलेली तपासणी वगैरे मार्गांनी, पक्के झाले आहे त्यांचेच आलेख गोळा करायचे, आणि नव्या आलेखाची मापे कोणत्या गटाशी जास्त जुळतात ते संभाव्यतेच्या गणिताने ठरवायचे. यंत्राने 'आहे' किंवा 'नाही' म्हणायचे नाही; अमुक शक्यता इतकी, तमुक इतकी, असे सांगायचे. शास्त्रीय दृष्ट्या त्यांचे म्हणणे अधिक भक्कम होते, असे मला वाटते. पण त्यांनी बारा लीडांऐवजी फ्रँक यांची तीन दिशांची लीडे वापरली, आणि ती वाचायची डॉक्टरांना सवय नव्हती. टक्केवारीपेक्षा वाक्य बरे, आणि नव्या रेघांपेक्षा ओळखीच्या रेघा बऱ्या. १९८० नंतर सूक्ष्मप्रक्रियक स्वस्त झाले, संगणक खोलीतून निघून चाकाच्या गाड्यावर आला, आणि त्या गाड्यांवर नियमांचा पंथच बहुतांशी जिंकला.

तो किती खरा ठरतो? निरनिराळ्या कंपन्यांच्या आज्ञावल्या एकच आलेख निरनिराळा वाचत होत्या. १९८० च्या सुमारास युरोपीय देशांनी बेल्जियममधील लूव्हेनचे डॉ. योस विलेम्स यांच्या पुढाकाराने एक मोठा प्रकल्प हाती घेतला. त्याचा निष्कर्ष १९९१ साली प्रसिद्ध झाला. निदान पक्के ठाऊक असलेले १२२० आलेख नऊ आज्ञावल्यांना आणि आठ हृदयवैद्यकांना वाचायला दिले होते. सगळी निदाने मिळून अचूक वर्गीकरण आज्ञावल्यांचे ६९.७ टक्के, वैद्यकांचे ७६.३ टक्के (दोन्ही मध्यक). आपल्या विषयाला जास्त लागू असलेले आकडे पुढचे. पुढच्या भिंतीवरचे झटके वैद्यकांनी ८४.९ टक्के आणि आज्ञावल्यांनी ७७.१ टक्के ओळखले. खालच्या भिंतीवरचे वैद्यकांनी ७१.७ टक्के, तर आज्ञावल्यांनी ५८.८ टक्के. म्हणजे खालच्या भिंतीचे शंभरातले चाळीसएक झटके यंत्राच्या हातून निसटले. आणि तज्ज्ञांच्या हातूनही अठ्ठावीस. यंत्र माणसापेक्षा कमी पडले, ही त्यातली बातमी होती खरी. मला दुसरी बाब जास्त मोलाची वाटते. पुढच्या भिंतीसमोर सहा तारा अगदी जवळ असतात. खालच्या भिंतीकडे पाहणारी तीन लीडे दूरच्या हातापायांवरून येतात. जिथे नोंदवही अपुरी, तिथे माणूस आणि यंत्र दोघेही अडखळतात.

चूक उलट्या दिशेनेही होते. परिचयातल्या एका शिक्षिकेच्या निवृत्तीपूर्व तपासणीत कागदावर 'सेप्टल इन्फार्क्ट', म्हणजे दोन निलयांमधल्या पडद्याचा झटका, असे छापून आले. त्यांना कधी छातीत दुखलेले नव्हते. तीन रात्री घरात कुणाला झोप नव्हती. दुसरीकडे तारा नीट जोडून पुन्हा आलेख काढला तेव्हा तो स्वच्छ निघाला. पहिल्या वेळी व्ही-१ आणि व्ही-२ या तारा चौथ्या फटीऐवजी दुसऱ्या फटीत, म्हणजे दोन-तीन बोटे वर, लावल्या असाव्यात असे तेथील डॉक्टरांचे मत पडले. ही चूक फार सर्रास होते आणि तिच्यामुळे नेमकी याच पडद्याच्या झटक्याची नक्कल उमटते. व्ही-१ म्हणून जी तार येते ती चौथ्या फटीतच आहे, असे आज्ञावली गृहीत धरते. दोन्ही हातांच्या तारांची अदलाबदल झाली तर लीड १ उलटे पडते आणि चांगली आज्ञावली तेवढे ओळखून तशी सूचना छापते. तार दोन बोटे वर सरकलेली मात्र तिला सहसा कळत नाही.

आता 'मागच्या' भिंतीकडे वळू. १९२८-२९ मध्ये लीड ३ वरून ओळखलेल्या झटक्याला मागच्या भिंतीचा म्हटले गेले. पुढे लक्षात आले की ही भिंत खरे तर खाली, श्वासपटलावर टेकलेली आहे. म्हणून तिला 'खालची', इन्फिरिअर, म्हणू लागले. मग 'मागची' हे नाव रिकामे झाले. ते त्या भिंतीच्या झडपांकडच्या टोकाला दिले गेले. तिथे समोर तार नाही. म्हणून व्ही-१ आणि व्ही-२ मध्ये आरशातल्यासारखी उलटी खूण शोधायची. क्यूऐवजी उंच आर, वर उचललेल्या एसटीऐवजी खाली गेलेला एसटी. अशा निव्वळ मागच्या झटक्याची लक्षणे जोसेफ पर्लॉफ यांनी १९६४ साली मांडली आणि ती आज्ञावल्यांतही उतरली.

मग चुंबकीय अनुस्पंदनाने जिवंत माणसाच्या छातीतले हृदय, त्यातल्या मेलेल्या भागासकट, पाहता येऊ लागले. टाकी न फोडता उघडता आली म्हणा ना! २००६ साली बार्सिलोनाचे आंतोनी बायेस दे लूना आणि आंतरराष्ट्रीय समितीतील त्यांचे सहकारी यांनी जे प्रसिद्ध केले ते जुन्या नकाशाला धक्का देणारे होते. व्ही-१ मध्ये उंच आर दिसणाऱ्या रुग्णांत मेलेला भाग मागे नसून बाजूच्या, डावीकडच्या भिंतीत होता. चूक कुठे झाली होती? शवविच्छेदनात हृदय छातीतून काढून टोकावर उभे धरत, पत्त्यांतल्या बदामासारखे, आणि त्या स्थितीत पुढे-मागे ही नावे देत. छातीत ते तसे उभे नसते. तिरके पहुडलेले असते. शिवाय झडपांकडच्या त्या टोकाला विद्युत्‌लहर ठोका सुरू झाल्यावर ०.०४ सेकंदानंतर पोचते. त्यामुळे ते मेले तरी लहरीच्या सुरुवातीवर त्याचा परिणाम होणे अवघड. सगळ्यांना ठाऊक असलेली ही दोन कारणे शेजारी ठेवून पाहायला चाळीस वर्षे लागली. समितीने 'मागची भिंत' हे नाव सोडून द्यावे असे सुचवले. व्यवहारातून ते अजून गेलेले नाही.

यात यंत्राचा दोष काहीच नव्हता. रेघ तीच, माप तेच, नियमही तोच. त्यापुढे छापायचा शब्द मात्र टेबलावर उभ्या धरलेल्या हृदयावरून आलेला होता.

गेल्या दहाएक वर्षांत नियम न लिहिता, उदाहरणांवरून शिकणाऱ्या आज्ञावल्या पुढे आल्या आहेत. पिट्सबर्गचे सलाह अल-झैती आणि सहकारी यांनी २०२३ साली छातीत दुखणाऱ्या सात हजारांहून अधिक रुग्णांच्या आलेखांवर असे काम प्रसिद्ध केले. रोहिणी खरोखर बंद होती का, याचा पुरावा त्यांनी अँजिओग्राफीवरून घेतला. पिपबर्गर यांचा आग्रह साठ वर्षांनी असा पुन्हा मार्गी लागलेला दिसतो. प्रश्नही बदलला आहे. कोणती भिंत मेली यापेक्षा कोणती रोहिणी आत्ता बंद आहे आणि ती लगेच उघडायची का, हे आज महत्त्वाचे, कारण स्नायू मरायला लागल्यावर मिनिटे मोजावी लागतात.

पण दहा तारा त्याच आहेत, आणि पाठीवर अजूनही एकही नाही. मागच्या बाजूचा संशय आला तर डॉक्टर व्ही-४, व्ही-५ आणि व्ही-६ च्या तारा सोडवून पाठीवर डाव्या खांद्याच्या फऱ्याखाली लावतात आणि पुन्हा आलेख काढतात. बऱ्याच साध्या यंत्रांना हे कळत नाही. ती त्या रेघांना व्ही-४, व्ही-५, व्ही-६ च समजतात आणि त्याप्रमाणे माथ्याशी वाक्य छापतात. मग डॉक्टर पेन काढून ते वाक्य खोडतात आणि रेघांच्या शेजारी हाताने व्ही-७, व्ही-८, व्ही-९ असे लिहितात.